दरी नसलेला रस्ता

आमच्या दोहातल्या मुऐदरच्या घराच्या अंगणात बोटभरही उतार नव्हता, तरी आप्पा कंपनीची पिकअप उभी केली की मागच्या चाकाला दगड लावायचे. तो दगड त्यांनी कुठल्याशा साइटवरून निवडून आणला होता, एका बाजूनं चपटा, आणि प्रवासात तो शेजारच्या सीटखाली असायचा. उतरले, दार लोटलं, दगड लावला, बुटाच्या टाचेनं ठोकून पाहिला, की मग घरात. सकाळी घाईत कधी दगड काढायचा राहिला तर गाडी हिसका देऊन बंद पडायची आणि आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायची, "काय ओ, गेली का दरीत?" आप्पांना यात हसण्यासारखं काही वाटत नसे. ते उतरून दगड काढायचे, झटकायचे आणि पुन्हा सीटखाली ठेवायचे. शेजारी बकऱ्या पाळणारा एक म्हातारा कतरी होता. तो रोज संध्याकाळी कुंपणावर हात टेकून हा सोहळा बघायला उभा राहायचा आणि दगड लागला की मान हलवून आत जायचा.

परवा हे मी नातीला सांगितलं. मी आता दोहातच, अल सद्दला लेकाच्या फ्लॅटवर असते, आणि नातीला मराठी सगळं कळतं पण तोंडातून येत नाही. ती म्हणाली, "बट आजी, व्हाय? इट्स ऑल फ्लॅट." तिचं बरोबर आहे. चढ-उतार म्हणजे काय हे तिला मॉलच्या पार्किंगच्या रॅम्पवरून माहीत. तिला उत्तर द्यायचं तर फार मागे जावं लागलं असतं, आणि तिचा स्विमिंगचा क्लास होता. म्हणून इथे लिहून ठेवते.

आप्पा मुळात वरच्या रस्त्यावरचे. आमच्या घरात हिमालय हा शब्द कुणी उच्चारत नसे, 'वर' म्हणायचे. आप्पा वर आहेत, वर बर्फ पडलाय, वरून निरोप आलाय. माण तालुक्यातल्या आमच्या गावात प्यायच्या पाण्याची मारामार, आणि तिथला हा माणूस भरतीला म्हणून गेला तो थेट सरहद्दीवरच्या बर्फात. जिथं आधी फक्त खेचरं जायची तिथं पहिला रस्ता कापायचं काम होतं. आप्पा डोझर, म्हणजे बुलडोझर, चालवायचे. तो डोझर खाली सुटा करून, भाग वर नेऊन, वर पुन्हा जोडलेला होता, आणि आप्पा त्याच्याबद्दल बैलाबद्दल बोलावं तसं बोलायचे: सकाळी लवकर उठत नाही, पोटाखाली जाळ केल्याशिवाय हलत नाही, एका अंगाला ओढतो. मी दहा वर्षांची होईपर्यंत आप्पा मला वर्षातून एकदाच दिसले. येताना पत्र्याची ट्रंक, सुकवलेले जर्दाळू, आणि तोंड सगळं रापून काळं, फक्त चष्म्याच्या जागी डोळ्यांभोवती दोन गोरे गोल. मी आईच्या पदराआडून त्या गोलांकडे बघत राहायचे. मला त्यांची भीती वाटत नव्हती, पण ओळखही नव्हती. ती होईपर्यंत त्यांची सुट्टी संपायची.

मग कतारच्या एका रस्त्यांच्या कंपनीला डोझर जाणणारी माणसं हवी होती आणि आप्पा इकडे आले. आधी ऑपरेटर, मग फोरमन. फोरमनला बायकापोरं आणायची परवानगी होती, ऑपरेटरला नव्हती. त्या एका शब्दाच्या जोरावर आई आणि मी विमानात बसलो. घर म्हणजे एका जुन्या व्हिलाच्या मागच्या दोन खोल्या, खिडकीत बसवलेला एसी, जो चालू झाला की ताटातल्या वाट्या थरथरायच्या. पण त्या दोन खोल्यांत मला वडील मिळाले. ते दाढी करताना गुणगुणतात हे मला तिथं कळलं. त्यांना दुधावरची साय चालत नाही, झोपेत ते एक पाय भिंतीला लावून ठेवतात, गणितात ते हुशार आहेत आणि पाढे मात्र तिसापर्यंत येत असून सतराच्या पाढ्यात अडकतात, हे सगळं मी तेव्हा शिकले. संध्याकाळी पिकअपचा आवाज आला की मी पुस्तक टाकून दारात जायचे. आई म्हणायची, "दहा वर्सांचं एकदम वसूल करतीया." करतच होते. त्या दिवसांत मी फार सुखी होते.

शुक्रवारी दुपारी आमच्याकडे दोन माणसं ठरलेली. दोघंही वरची, आप्पांनीच साहेबाच्या मागे लागून इकडे आणलेली. एक गणपतकाका, बीडकडचे, उंच, आवाज मोठा, वर ट्रक चालवायचे आणि इथे पाण्याचा टँकर. दुसरे टेकबहादूर, नेपाळचे, बुटके, आप्पांना उस्ताद म्हणायचे, वर असताना कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचे आणि लटकत पहारीनं भोकं पाडायचे. त्या भोकांत सुरुंग भरला जायचा. इथे त्यांना जमीन सपाट करणाऱ्या ग्रेडरवर मदतनीस म्हणून लावलं होतं आणि सपाट जमिनीवर आपल्याला चक्कर येते अशी त्यांची तक्रार होती. जेवण म्हणजे मटणाचा रस्सा, गावाहून आणलेलं ज्वारीचं पीठ असेल तोवर भाकऱ्या आणि ते संपलं की खुबूस, इथली मैद्याची रोटी. गणपतकाका खुबूस चुरून रस्स्यात घालायचे आणि म्हणायचे, "वैनी, हे काय खायचं काम हाय व्हय? कापूस हाय निसता." आणि चार-पाच तरी खायचे.

खाता खाता वरच्या गोष्टी निघायच्या. डांबराची रिकामी पिंपं फोडून, सपाट करून त्यांच्या खोल्या बांधायच्या, म्हणून सगळ्यांच्या अंथरुणांना, कपड्यांना, भातालासुद्धा डांबराचा वास. उंचीवर डाळ शिजत नाही, म्हणून ती दिवसभर चुलीवर, आणि रात्री खाताना तरी दाताखाली कचकच. सकाळी सुरुंगाआधी शिट्टी वाजली की जिथं असेल तिथं माणूस डोंगराला पाठ लावून बसणार, कुणी भाकरीचा तुकडा तोंडात धरून, कुणी अर्धी दाढी करून. टेकबहादूर हे बसणं करून दाखवायचे. आमच्या फ्रीजला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन. कुणी कड्यावरून गेला तर त्या वळणाला त्याचं नाव पडायचं. अमक्याचं वळण, तमक्याचं वळण. नव्यानं येणारा ड्रायव्हर ती नावं पाठ करतच वर चढायचा. रस्ता जसजसा लांबत गेला तशी नावं वाढत गेली. हे सगळं ते तिघं हसत सांगायचे, आणि मीही हसत ऐकायचे. आज लिहिताना लक्षात येतं की त्या हसण्यात कधी कुणी ताटावरून मान वर करत नसे.

बांधाची गोष्ट मला गणपतकाकांनी समजावली, भातानं. ताटाच्या काठाला त्यांनी बोटानं भाताचा एक लहानसा उंचवटा केला. "हे बघ बाय, हा रस्ता. हिकडं डोंगर, हिकडं दरी. दिवसभर तुजा बाप डोंगर खरवडतो आन् माती दरीत लोटतो. पर शेवटची खेप लोटायची न्हाई. ती काठाला ठिवायची. गुडघ्याएवडा बांध. का? तर अंधारात, धुक्यात गाडीचं चाक कडंला गेलं, की बांधाला लागतं. डायवरला कळतं, की बाबा, इथं जमीन सपली." मग ताट तिरकं करून रस्सा भातापाशी थांबतो हे दाखवलं. दिवसाचं काम कितीही असो, बर्फ येवो नाहीतर साहेब ओरडो, संध्याकाळी बांध घातल्याशिवाय डोझर बंद करायचा नाही हा वरचा नियम होता. कुणी लिहून दिलेला नव्हता. ज्यानं काठ उघडा ठेवला त्याला त्या संध्याकाळी कुणी चहा विचारत नसे.

सगळ्या गोष्टींत फक्त विष्णूच्या वळणाची गोष्ट अर्धवट राहायची. विष्णू आमच्याच शेजारच्या गावचा, आप्पांबरोबरच भरती झालेला. रात्री जीप घेऊन येताना त्याला डुलकी लागली आणि तो गेला, एवढंच मला ठाऊक होतं. त्याचं नाव निघालं की आप्पा हात धुवायला उठायचे आणि गणपतकाका आईला म्हणायचे, "वैनी, रस्सा झकास झालाय."

ज्या रस्त्यावर हे सगळे तेव्हा काम करत होते तोही सरहद्दीकडेच जाणारा होता, दोहापासून नैऋत्येला. डोंगर मात्र नाही, दरी नाही, क्षितिजापर्यंत पिवळट सपाटी. आता लेक शनिवारी त्या बाजूला गाडी काढतो तेव्हा तो रुंद रस्ता पाहून वाटतं, यात सांगण्यासारखं काय आहे? पण वाळूतला रस्ता हे वेगळंच काम आहे, आणि त्याचं एकच मुख्य शास्त्र. ते देवधरसाहेबांनी सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. देवधरसाहेब पुण्याचे, साइट इंजिनियर, राहायला अल सद्दला. त्यांच्याकडे गणपतीला आम्हाला बोलावणं असायचं. ते म्हणाले होते, "हे बघा, इथे कडा पूर्ण फ्लॅट हव्यात. वाऱ्याला कुठेही अडवायचं नाही. वाळू रस्त्यावरून सरळ निघून गेली पाहिजे. वीतभर जरी उंचवटा राहिला तरी वाळू तिथेच बसते, आणि मग रस्त्यावर येते." आप्पांना हे पटलं होतं. त्यांनीच ते बाकीच्यांना हिंदीत समजावलं होतं. महिनोन् महिने ते कडा सपाट करत होते आणि घरी येऊन म्हणत होते, "हात वळत न्हाईत. शेवटच्या खेपेला हात आपसूक थांबतो."

ईदच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी एका ठिकाणी मुख्य रस्ता बंद करून बाजूनं वळणरस्ता काढायचा होता. त्याला लागूनच भरावासाठी माती काढलेला एक मोठा खड्डा होता, दोन पुरुष तरी खोल. ऑपरेटर आधीच सुट्टीच्या मूडमध्ये, सगळ्यांचं यल्ला यल्ला, चला चला चाललेलं, तेव्हा आप्पा स्वतः डोझरवर चढले. सूर्य खाली गेलेला, डावीकडे खड्डा, आणि खड्ड्याच्या बाजूला अंधार. आप्पांनी शेवटची खेप काठाला ठेवली. खड्ड्यापुरती ठेवली असती तर कदाचित निभावलं असतं. पण खड्डा संपला तरी हात थांबला नाही. वळणरस्त्याच्या टोकापर्यंत गुडघ्याएवढा, सरळ, देखणा बांध घालून आप्पा घरी आले, आणि मी कित्येक महिन्यांत त्यांना इतकं समाधानी पाहिलं नव्हतं. दोनदा भात मागून घेतला. सतराचा पाढाही म्हणून दाखवला.

ईदला शमाल सुटला. शमाल म्हणजे उत्तरेचा वारा. तो आला की दारं-खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावायचे आणि तरी चहाच्या कपात तळाला वाळू. सगळी सुट्टी आम्ही घरात. पत्र्यावर कुणी तरी बारीक तांदूळ ओतत बसलंय असा आवाज दिवसभर. आईनं शेवयांची खीर केली ती कचकचली, तर आप्पा म्हणाले, "वरची डाळ आठवली." आम्ही पत्ते खेळलो. आप्पा एकदाही अस्वस्थ दिसले नाहीत. त्यांच्या मनात आलंच नव्हतं, कारण त्यांच्या लेखी काठाला बांध घातला म्हणजे रस्ता सुरक्षित करून घरी आलो.

सुट्टी संपली त्या सकाळी साइटवर पहिली गाडी गेली ती गणपतकाकांच्या टँकरची. बांधाला अडून साठलेली वाळू वळणरस्त्यावर आडवी पसरली होती, त्याच रंगाची, त्या उजेडात दिसण्यासारखी नव्हतीच. पाण्यानं भरलेला टँकर त्यात घुसला, एका बाजूला कलला आणि उलटला. दुपारी टेकबहादूर आमच्या दारात आले तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा वाळूनं पांढऱ्या झाल्या होत्या. ते आईला म्हणाले, "भाभी, गणपत जिंदा है. पैर गया. उस्ताद उसके साथ हॉस्पिटल में है." आणि मग आतही न येता तिथंच पायरीवर बसले. आईनं पाणी आणलं ते हातात धरून ठेवलं. मग आईकडे न बघता म्हणाले, "वहाँ बाँध था, भाभी." वरच्या माणसाला ते सांगायला दुसरं काही लागत नव्हतं. तसा बांध त्या सबंध रस्त्यावर एकच माणूस घालू शकत होता.

पाय कापावा लागला नाही, पण गुडघा कायमचा आखडला. आम्ही बघायला गेलो तेव्हा गणपतकाका नेहमीच्याच मोठ्या आवाजात बोलत होते आणि नर्स त्यांना गप्प करत होती. तोवर सगळ्यांना कळलं होतं की चौकशी होणार. टँकर मोडलेला, माणूस जायबंदी. कारण काय ते ठरायला हवं होतं. आणि ते दोनच प्रकारे ठरणार होतं. एक तर बांध कुणी घातला ते पुढे येणार. नाही तर वाळू वाऱ्यानं आली, आणि ड्रायव्हर वेगात होता.

"वेगात व्हतो म्हनून सांगतो मी," गणपतकाका आप्पांना म्हणाले. "तसं बी मला आता कोन टँकर देतंय? घरी जायचंच हाय. तुजं तसं न्हाई. तुजी पोरगी शाळंत हाय."

"तू कवा वेगात चाललास?" आप्पा म्हणाले.

"कागदावर चालतो की एकदा."

 मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते आणि मनातल्या मनात गणपतकाकांना म्हणत होते, सांगा, असंच सांगा. मला त्यांच्या पायाचं वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, पण पाय तर गेलाच होता. माझे वडील अजून जायचे होते. त्या वयात हिशेब असाच होतो, आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काय तेही मला आजवर नीट उमगलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवधरसाहेब स्वतः घरी आले. साहेब आमच्या घरी पहिल्यांदाच येत होते. आईनं घाईघाईनं पोहे टाकले. साहेब भले होते. चहाच्या कपाला हात न लावता ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, शमाल होता हे सगळ्यांनाच माहीत आहे. आणि तिकडे मी पोचायच्या आत कुणी तरी तो उंचवटा सपाटही करून ठेवलाय."

ते कुणी केलं होतं ते सगळ्यांना कळत होतं. टेकबहादूरांच्या भुवया मला आठवल्या.

"तेव्हा मी रिपोर्टमध्ये लिहितो, हेवी सँड, लो व्हिजिबिलिटी, ड्रायव्हर एरर. गणपतला मी समजावलंय, तो तयार आहे. तुम्ही फक्त काही बोलू नका. तुम्ही बोललात तर माझ्या हातात काही राहणार नाही. फोरमनशिप तर जाईलच. फॅमिली स्टेटस पण खलास."

"समजलं साहेब," आप्पा म्हणाले. साहेबांना वाटलं, होकार मिळाला. आईलाही वाटलं. तिनं पोह्यांवर खोबरं जास्तच घातलं. साहेब गेल्यावर ती देवापुढं जाऊन उभी राहिली, आणि मी त्या दिवशी शाळेत जाताना वाटभर उड्या मारत गेले. त्या संध्याकाळी आप्पांनी मला अभ्यासाला बसवलं, भूमितीचं एक गणित दोघांनी मिळून सोडवलं.  

चौकशी दोन दिवसांनी झाली. आप्पा दुपारीच घरी आले, जे कधी होत नसे. आई तांदूळ निवडत बसली होती, मी शाळेतून येऊन खुबूसचा तुकडा साखरेशी खात होते. आप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "सांगितलं मी."

आईचा हात ताटात तसाच राहिला. "काय सांगितलं?"

"बांध मी घातला म्हणून. गणपतची काय बी चूक न्हाई म्हणून."

"पर गणपतभावजी तयार व्हते की!"

"इष्णू बी तयार व्हता का?" आप्पा म्हणाले. मग ज्या गोष्टीला ते नेहमी उठून जात ती त्यांनी बसल्या जागी सांगून टाकली. बर्फ येत होता म्हणून त्या संध्याकाळी सगळे लवकर खाली उतरले होते. त्या वळणाचा काठ उघडा राहिला होता. शेवटचा डोझर आप्पांचा होता. विष्णूची जीप धुक्यात तिथूनच गेली. सकाळी तिथल्या साहेबांनी विचारलं तेव्हा सगळी टोळी एका सुरात म्हणाली, त्याला डुलकी लागली असेल. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, आणि जिवंतांची नोकरी राहते. आप्पाही तेच म्हणाले. "त्याच्या आईनं मला इचारलं, माजा पोरगा झोपाळू नव्हता, तू तर त्याच्या संग व्हतास, खरंच झोपला का त्यो? म्या व्हय म्हटलं. आता गणपतला तसंच म्हणायचं? आख्ख्या घाटात एक चाक बाहेर जाऊ दिलं न्हाई त्यानं. त्याच्या नावावर वेग लिवायचा?"

आईनं तांदळाचं ताट बाजूला सारलं. तिला रडताना मी फारसं पाहिलेलं नाही आणि तेव्हाही ती रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "खरं ते सांगितलं, चांगलं केलं. पर आमाला इचारायचं तरी. घर आमचं बी मोडलं न्हवं?"

 आप्पा काय म्हणतात याची मी वाट पाहिली नाही. मी आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि त्या दिवसापासून आप्पांशी बोलणं सोडलं. ते खरं बोलले याचा मला राग नव्हता. त्यांनी गणपतकाका, विष्णू, विष्णूची आई, सगळ्यांचा विचार केला होता. मलाच तेवढं त्यांनी गृहीत धरलं, याचा होता. आज कुणी विचारलं तर मी आप्पांचं नाव अभिमानानं घेईन, आणि बाजू मात्र आईचीच घेईन.

पुढचं सगळं फार शांतपणे झालं. आरडाओरडा नाही, अपमान नाही. कंपनीनं गणपतकाकांवर उपचार केले आणि मग स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. त्यांच्या नावावर काही लागलं नाही. ते आप्पांवर मात्र फार चिडले. कुबड्या घेऊन घरी आले आणि दारातूनच ओरडले, "माज्या नावाचं काय लोणचं घालू व्हय रे? पोरीला बाप ठिवला न्हाईस तू!" मग आत येऊन जेवले. देवधरसाहेबांनी जमेल तेवढं केलं. आप्पांना परत पाठवलं नाही, ऑपरेटर करून ठेवलं. ऑपरेटर म्हणजे लेबर कॅम्प, एका खोलीत आठ जण. माझी वार्षिक परीक्षा होईपर्यंत आम्हाला मुऐदरला राहू दिलं, हाही त्यांचाच प्रयत्न. त्या दिवसांत आप्पा रोज संध्याकाळी वेळेवर यायचे. मी दारात जात नसे. ते खोलीच्या बंद दाराशी येऊन विचारायचे, "आज काय शिकवलं?" आणि थोडा वेळ थांबून निघून जायचे. मला आतून त्यांची सावली दाराखालच्या फटीत दिसायची.

आम्ही गावी परतलो. आप्पा इथंच कतारला राहिले, वर्षानुवर्षं, पिवळ्या सपाटीवर कडा सपाट करत. माझी शाळा तालुक्याच्या गावी सुरू झाली, इंग्रजी चांगलं म्हणून माझं कौतुक झालं, आई पुन्हा एकटीनं घर चालवायला लागली आणि त्यात तिला काही जड गेलं असं तिनं कधी दाखवलं नाही. विष्णूच्या आईकडे ती एकदा जाऊन आली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आप्पांची पहिली सुट्टी व्हायला दोन वर्षं लागली. ते येणार हे माहीत होतं, पण संध्याकाळच्या गाडीनं येणार म्हणून आई शेजारी दळण आणायला गेली होती आणि ते दुपारीच आले. मी पडवीत बसून अभ्यास करत होते. दारात सावली आली म्हणून मान वर केली. बॅग खाली ठेवून, कपाळावरचा घाम पुसत एक माणूस उभा होता, थोडा वाकलेला, केस कानावर पिकलेले. राग तोवर केव्हाच विरून गेला होता. मी उठले, खाटेवरची पुस्तकं बाजूला केली, आणि घरी कुणीही आलं की तोंडातून जे येतं तेच आलं.

"या, बसा."

आप्पा खाटेच्या कडेला बसले. मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते सावकाश संपवलं, तांब्या दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला आणि विचारलं, "तुमचं सगळं बरं आहे ना?"

मी म्हटलं, "हो. आमचं बरं आहे."